गैरहजरांची हजेरी

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

शिमा,

सलाम. बाबांसारखी आधी देवाची चार नावं घालून सुरुवात केली असती तर तू पत्र सरळ चुलीत घातलं असतंस, म्हणून नुसताच सलाम. माझा नंबर दिसला की तू फोन कापतोस हे मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. म्हणून हे पत्र गहिनीनाथच्या जीपमधून धाडतेय. ऊसतोडीच्या टोळीतली माणसं सोडायला त्याला दर आठवड्याला बेलापूरकडच्या कारखान्याच्या तळावर यावंच लागतं, आणि तुझी पाचटाची कोपी कुठली ते त्याला ठाऊक आहे. पत्र फाडलंस तरी तो येऊन मला सांगेल, एवढं ध्यानात ठेव.

कामाची गोष्ट आधी. बाबांचं हृदय मोठं झालंय. पाय सुजतात, चार पावलं चालले की धाप लागते. नगरच्या डॉक्टरांनी "जपा" म्हटलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला काय ते कळलं. परदेशी सेवेसाठी मिशनकडे तुझं नाव बाबांनी दिलं होतं, तू ऐन वेळी नाही म्हणालास, तुझ्या जागी मी गेले. ते त्यांनी कसंबसं गिळलं. पण मोहट्याच्या गडावर देवीपुढं जाऊन विजयमालेशी लग्न लावलंस ते नाही गिळलं. चर्चमधलं तुझं बसायचं गोधडीचं बसकर त्यांनी उचलून नेलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालेलं नाही. जायच्या आधी त्यांनी ते एकदा घ्यावं, एवढंच मला पाहिजे. दुसरं काही नको.

आता कालचं सांगते. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या, चर्च ओस पडलं. पुरुषांच्या बाजूला बाबा आणि दोन म्हातारे, बायकांच्या बाजूला रंगुबाई आणि तिच्या दोन सोबतिणी. बाकी नुसती बसकरं. जाताना प्रत्येक घर आपलं बसकर आपल्या जागेवर अंथरून जातं, ही आजोबांच्या वेळची रीत. लहानपणी आपण त्यांच्यावरून उड्या मारायचो आणि बाबा छडी घेऊन मागं लागायचे. बाबांचं स्वतःचं बसकर हल्ली चांगलं जाड झालंय. म्हातारपणी हाडं टोचतात म्हणे.

त्या रिकाम्या बसकरांपुढं उपदेश करताना मला नॉर्वेची आठवण झाली. तुला मी तिथलं कधी नीट सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. उत्तरेच्या टोकाचं बेट, हिवाळ्यात दिवस उगवतच नाही. चर्चमध्ये सात-आठ म्हाताऱ्या. त्यांची माणसं मासेमारीला समुद्रात. दर रविवारी त्या माणसांची नावं पुकारायची आणि घरच्या बाईनं "हो" म्हणायचं. ज्याचं कुणी नाही त्याचं उत्तर त्या म्हाताऱ्यांतली ओलाउगमावशी द्यायची. तिकडं "हो" म्हणताना श्वास आत ओढतात. थंड पाण्यात पाय पडला की आपण जसा ओढतो, तसा. नियम एकच, पुकारणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. त्या वर्षी पुकारायचं काम माझ्याकडं होतं.

म्हणून काल ठरवलं, ऊसतोडीला गेलेल्यांची हजेरी घ्यायची. मी नाव घ्यायचं, घरी राहिलेल्यानं म्हणायचं, "हाय." माणूस इथं नाही पण त्याची जागा हाय, वाट बघणारं कुणी हाय. रंगुबाईनं तिच्या सहादेवचं उत्तर असं ठणकावून दिलं की पोरगा मागच्या दारीच उभा आहे असं वाटावं. मग वैजनाथचं नाव आलं. त्याची आई उन्हाळ्यात वारली, घराला कुलूप, उत्तर द्यायला कुणी नाही. पण नाव वगळणं जिवावर आलं. घेतलं, थोडी थांबले, आणि पुढच्या नावासाठी तोंड उघडणार तोच बायकांच्या बाजूच्या मागच्या बसकरांवरून आवाज आला.

"हाय." श्वास आत ओढून.

भर उन्हात, अकराच्या सुमाराला. रंगुबाई गर्रकन वळली. "कोन गं ती?" मागं कुणी नव्हतं. बाबा म्हणाले, "पुढं चला."

मी पुढं गेले. तुझं नाव घेतलं नाही. समोर बाबा बसलेले होते.

ताई

सोमवार, १ डिसेंबर

शिमा,

गहिनीनाथ म्हणतो, तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि काही बोलला नाहीस. फाडलं नाहीस ना? मग बस झालं.

इकडं रंगुबाईनं हजेरीचा पार विचका केलाय. मी "सहा" म्हणते न म्हणते तोवर "हाय! हाय!" ओरडते. मी म्हटलं, अहो, नाव पुरतं तर होऊ द्या. तर म्हणते, "न्हाई बाई. माज्या पोराचं उत्तर माज्याआधी दुसरंच कुनी दिलं म्हंजे? ती कोन, कुटली, काय ठाव?" आम्ही हसलो. हसता हसता रंगुबाईनं मागं वळून बघितलं आणि मीही बघितलं, आणि मग कुणी हसलं नाही.

वैजनाथचं उत्तर तिन्ही रविवारी आलं. त्याच जागेवरून. मी कान देऊन ऐकते. पाल चुकचुकावी तसं नाही, पत्रा तापून वाजावा तसंही नाही. बाईचा आवाज आहे, वयस्कर, आणि तिला उत्तर द्यायची सवय आहे. काल आणखी एक झालं. उपासना सुटल्यावर बायका एकमेकींचे पदर हुंगायला लागल्या. "कुनी सुकट आनलंय गं देवाच्या दारात?" सगळीकडं सुक्या मासळीचा वास. पाथर्डीचा बाजार बुधवारी झाला, त्या दिवशी कुणी काही आणलं असेल तर त्याचा वास रविवारपर्यंत टिकेल कशाला? शिवाय एकीच्याही घरी मासळी शिजलेली नव्हती. वास मागच्या बसकरांपाशी सगळ्यात जास्त होता. मी ती बसकरं उन्हात झटकली. एक ओलं होतं.

पाणी कुठून आलं म्हणून छत बघितलं. कोरडं ठणठणीत.

बाबांना सांगितलं नाही. त्यांनी वास घेतला असणार. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "नावं सगळी घेतेस का?" मी म्हटलं, "एक सोडून." त्यांनी भाकरी कुस्करली आणि मान खाली घालून जेवले.

विजयमालेला खोकला आहे असं गहिनीनाथ सांगत होता. सोबत अडुळशाची पानं दिलीत. उकळून दे. "ताईनं दिलीत" असं नको सांगू हवं तर.

ताई

सोमवार, १५ डिसेंबर

शिमा,

वैजनाथचं तुला कळलं असेलच, तुमच्या टोळीपासून त्यांचा तळ काही लांब नाही. तरी जे इथं पोचलं ते सांगते, कारण तुला तिकडं निम्मंच कळलं असेल.

मागच्या रविवारी भरणी चालू असताना ट्रॉलीतल्या मोळ्या सरकल्या आणि वैजनाथ खाली सापडला. वरून सगळा ऊस. टोळीनं रडारड केली, मुकादमानं टोपी काढली. ऊस उपसून काढेस्तोवर मेला असणार असंच सगळे धरून चालले होते. आणि पोरगा खाली डोळे उघडे ठेवून पडलेला! हाताचं हाड मोडलं, बाकी काही नाही. त्यानं रंगुबाईच्या फोनवर फोन केला. आधी रडला, मग म्हणाला, "मावशे, खाली पार अंदार हुता. दम कोंडला. मंग कुनीतरी शेजारी बसल्यागत झालं. बाई हुती. गप बसली हुती नुसती. आन वास कसला म्हनशील, तर सुक्या बोंबलाचा. उसाच्या फडात बोंबील कुटून गं?"

रंगुबाईनं फोन माझ्या कानाला लावला. मी वेळ विचारली. त्याला घड्याळातली सांगता आली नाही, म्हणाला, न्याहारीनंतर. म्हणजे आपली उपासना चालू असतानाच.

आता मंडळीत दोन तट पडलेत. एक म्हणतात, नाव घेतलं म्हणून पोरगा वाचला. दुसरे म्हणतात, नाव घेतलं म्हणूनच ट्रॉली त्याच्यावर आली, त्या बाईनं त्याला ओळखून ठेवलं होतं. दोन म्हाताऱ्यांनी यायचं बंद केलं. आणि मला काय वाटतं? शिमा, मला रविवारची भीती वाटायला लागलीय. मी पाळक आहे. रविवारची भीती वाटणारी पाळक.

पहिल्या पत्रात मी एक लपवलं होतं, ते आता सांगते. आवाज कुणाचा ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर्षभर मी नाव घ्यायचे आणि तो आवाज उत्तर द्यायचा. तो मी विसरेन होय? ओलाउगमावशीला मी निरोप धाडलाय. ती जिवंत आहे का, तेसुद्धा मला ठाऊक नाही.

ताई

सोमवार, २९ डिसेंबर

शिमा,

नाताळ झाला. तारा टांगायला तू नव्हतास, म्हणून मीच शिडीवर चढले आणि पडता पडता वाचले. बाबा खालून ओरडले, "तुझ्या जिवाला काही घोर आहे का नाही?" शिडी धरायला पूर्वी कोण असायचं ते त्यांनाही आठवलं असावं. तोंड फिरवून आत गेले.

काल उपासनेला कोण आलं सांगू? तुझी सासू. छबूबाई. चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यापाशीच टेकली. सगळ्या मंडळीचे डोळे तिच्याकडं. मला म्हणाली, "बाई, तुमी नावं घेता आसं कळलं. माज्या विजीचं घ्याल का? आमचा देव येगळा हाय. चालंल का?"

मी बाबांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर धीर झाला नसता. म्हटलं, "चालंल." आणि विजयमालेचं नाव घेतलं. छबूबाई दोन्ही हात जोडून म्हणाली, "हाय गं माय, हाय."  विजयमालेचं नाव आलं आणि त्याला लागून तुझं नाव यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. ती फट सगळ्यांना दिसली. छबूबाईनंही मान वर करून माझ्याकडं बघितलं. 

घरी आले तर फोनवर नॉर्वेहून मेल आला होता. तिथल्या वृद्धाश्रमातल्या एका नर्सनं लिहिलंय. मावशी जिवंत आहे! मी इतकी हसले की बाबा बघायला आले. मग पुढं वाचलं. मावशीची आठवण पार गेलीय. स्वतःचं नाव सांगता येत नाही, चमचा कसा धरायचा ते कळत नाही, दिवसदिवस एक शब्द नाही. "पण एक विचित्र गोष्ट आहे," नर्स लिहिते. "नोव्हेंबरपासून दर रविवारी पहाटे ती आपली आपण उठून बसते. तोंड खिडकीकडं. बाहेर काळोख असतो. कुणी काही विचारलेलं नसतं, आणि ती 'हो' म्हणते. श्वास आत ओढून. मग समाधानानं झोपते. तुम्हाला याचं काही कारण माहीत आहे का?"

आपले अकरा म्हणजे त्यांची पहाट, शिमा.

नर्सला काय उत्तर लिहू? दोनदा लिहायला घेतलं. जमलं नाही.

ताई

सोमवार, १२ जानेवारी २०२६

शिमा,

बाबांशी भांडले. तू असतास तर तुला मजा वाटली असती, इतके दिवस मीच शहाणी होते ना.

त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं. वैजनाथचं, नर्सच्या मेलचं, सगळं. रंगुबाईच्या पोटात काही राहत नाही. बाबांनी चर्चची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. "मंडळीचा पंच म्हणून सांगतो, हजेरी बंद. मिशननं तुला साता समुद्रापार धाडलं ते हे शिकायला? देवाच्या घरात भुतं बोलवायला?"

मी म्हटलं, "जिवंत बाई आहे ती, बाबा. भूत कसलं?"

"जिवंत असेल तर तिथं बोलावं. इथं कशी बोलते?"

  मलाही अंगावर काटा येतो, मी खोटं का बोलू? पण मग मी त्यांना ते सांगितलं जे इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही सांगते.

मी तिकडं गेले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं भरलेली सभागृहं होती. वाटायचं, सेवा म्हणजे बोलणं. आपण उभं राहायचं, लोकांनी ऐकायचं. तिथं पोचले तर ऐकायला माणसं नाहीत, आणि असलेल्यांची भाषा मला येत नाही. रडले नुसती. देवाशी भांडले. इतक्या लांब आणलंस ते बर्फ ढकलायला का? परत यायचं तिकीट बघायला लागले होते. तेव्हा ओलाउगमावशीनं मला पुढं उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, तू नावं घे. तेवढी भाषा पुरते. मी नावं घेतली. उच्चार असे की म्हाताऱ्या पदराआड हसल्या असत्या, पदर असते तर. पण प्रत्येक नावाला उत्तर आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली. दिसत नाही त्याला नावानं हाक मारायची आणि कुणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहायचं. मी जे काही पाळक आहे ते तिथं झाले.

बाबांनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "ज्यानं आपण होऊन जागा सोडली, त्याचं उत्तर कुणी द्यायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही. मला चालत नाही, मी पुकारणारी. घरात दुसरं आहे कोण?"

"आणि मी नाही दिलं, तर तुझी ती म्हातारी देईल. होय ना?" हे म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला ते लिहिता येत नाही. रागावले नव्हते. घाबरले होते. तुझं उत्तर परक्या बाईनं द्यावं याची त्यांना भीती वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी किल्ली माझ्या उशाशी ठेवलेली सापडली.

रविवारी मी हजेरी घेतली. वैजनाथचं उत्तर आलं, पण फार हळू. वास नव्हता. मी तुझं नाव ओठांवर आणलं आणि पुन्हा गिळलं. त्यांना घाबरवून उत्तर घ्यायचं नव्हतं मला.

तू एक ओळ तरी लिही रे. गाढवा.

ताई

सोमवार, २ फेब्रुवारी

शिमा,

हे पत्र बसून वाच. हातातला कोयता खाली ठेव आणि मग वाच.

बाबांना आता चालवत नाही. काल गहिनीनाथनं आणि एका पोरानं त्यांना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये आणलं. मी म्हटलं, खुर्चीवरच बसा. तर नाही. "माझ्या जागेवर बसेन." दोघांनी धरून खाली बसकरावर टेकवलं.

छबूबाई हल्ली दर रविवारी येते, आता उंबरा ओलांडून रंगुबाईशेजारी बसते, दोघी मिळून माझ्या आवाजाची नक्कल करतात असा मला संशय आहे. काल विजयमालेचं नाव घेतलं. तिनं "हाय" म्हटलं. आणि मी पुढं जाणार तोच ती उठून उभी राहिली. "बाई, एक बोलू का? लेकीचं येकटीचं नाव घेता, जावयाचं का न्हाई? जोडीनं गेल्यात न्हवं? मी त्याचं उत्तर दिलं असतं, पर त्याचा बाप बसलाय हितं. बाप आसताना मी कशी देऊ?"

 मी बाबांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मग मीच विचार करायचं सोडलं आणि नाव घेतलं. शिमोन लाजरस भिंगारदिवे. पुरतं, बाबांच्या नावासकट.

रंगुबाईनं तोंडावर हात ठेवला. मी मागच्या बसकरांकडं कान लावले. आत्ता येईल, आत्ता येईल. वैजनाथला आलं तसं येईल. खरं सांगू, त्या क्षणी मला ते यायला हवं होतं. कुणीही द्यावं, पण तुझं नाव रिकामं पडू नये.

आलं नाही. वास नाही, आवाज नाही, काही नाही. नुसती बसकरं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की मागं खरोखरच कुणी नाहीये. आणि त्याची भीती आवाजापेक्षा जास्त होती. नाव तसंच लोंबकळत राहिलं. मला उत्तर देता येत नव्हतं. मी रडायला लागले, सगळ्या मंडळीसमोर, पाळक असून.

"हाय."

बाबा. मान खालीच. "हाय," पुन्हा म्हणाले. "माझा पोरगा हाय."

शिमा, त्यांनी श्वास आत ओढून म्हटलं. धाप लागलेली असते त्यांना, म्हणून असेल. मी स्वतःला हेच सांगतेय.

छबूबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग बाबा मला म्हणाले, "त्या वैजनाथचं नाव राहिलं. घे." मी घेतलं. त्याचंही उत्तर त्यांनीच दिलं. आणि ज्यांचं ज्यांचं कुणी नाही त्या सगळ्यांचं.

उचलताना गहिनीनाथनं त्यांचं बसकर घडी करायला घेतलं, तर आतून दुसरं निघालं. तुझं. तांबड्या काठाचं, आईनं शिवलेलं. जाळलं असं आपल्याला सांगितलं होतं ना? दोन वर्षं ते त्यावरच बसत होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाले, "हाडं टोचतात."

संध्याकाळी फोनवर नर्सचा मेल आला. ओलाउगमावशी शनिवारी गेली. झोपेत. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जागा मोकळी झाली होती तर." एवढंच.

तुझं बसकर झटकून तुझ्या जागेवर अंथरलंय. ईस्टरला या. दोघं या.

ताई

मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळ

शिमा,

घाईत लिहितेय. गहिनीनाथ जीप चालू करून दारात उभा आहे.

आत्ता, न्याहारीच्या वेळी, बाबा खाटेवर बसून चहा पीत होते. बशी ओठाला लावलेली. मी भाकरी थापत होते. मंगळवार, ना उपासना, ना कुणी नाव घेतलेलं. आणि त्यांनी एकदम बशी खाली ठेवली, खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "हाय." श्वास आत ओढून.

मी म्हटलं, "बाबा, कुणाला?"

"ऐकू नाही आलं तुला? नाव घेतलं की कुणीतरी."

"कुणाचं?"

माझ्याकडं असं बघितलं की मीच वेडी. "शिमाचं. दुसऱ्या कुणाचं उत्तर मी एवढ्या घाईनं देईन?"

मग परत चहा प्यायला लागले. चेहरा अगदी शांत. स्वयंपाकघरात मात्र सुक्या मासळीचा वास सुटलाय, आणि मी नाताळापासून घरात मासळी आणलेली नाही. त्यांच्या उजव्या हाताला, मनगटापर्यंत, उसाचं पाचट कापतं तसे बारीक ओरखडे आहेत. चर्च सोडलं तर ते तीन महिने घराबाहेर पडलेले नाहीत.

आज सकाळी तुला काय झालं? कुठं होतास? ट्रॉलीखाली होतास का? फोन लावतेय, बंद येतोय. विजयमालेचाही लागत नाही.

गहिनीनाथला सांगितलंय, तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी यायचं नाही. त्याच्याजवळ कागद आणि पेन दिलंय. ह्या वेळी माझं ऐक. खिशात घालू नकोस. ख्यालीखुशाली नको, माफी नको, बाबांना सलाम नको. कागदावर नुसतं "हाय" लिही. पण तुझ्या हातानं लिही.

ताई